भिमाजीनं आखलेलं रिंगण

भिमाजीला माणसांचा कंटाळा होता आणि तो लपवायच्या भानगडीत तो कधी पडला नाही. चावडीपाशी चार लोक बसलेले दिसले की ओढ्याच्या अंगानं वळसा घालून घरी जायचा. लग्नाच्या पंगतीत जेवून हात धुवायला उठला की तिथूनच पसार व्हायचा. कुणी ‘राम राम’ केला तर हा नुसतं ‘राम’ म्हणायचा. दुसरा राम त्यानं जन्मभर शिल्लक टाकला. कर्जतपासून चार कोसांवरच्या त्या वाडीनं त्याला ‘खोकड’ म्हणायला सुरुवात केली ती काही उगाच नाही. नाव ठेवणाऱ्यांना वाटलं, तो चिडेल. तो चिडला नाही, उलट सुखावला, आणि नाव ठेवणारेच हिरमुसले.

कारण खोकड हे त्याच्या लेखी जगातलं सगळ्यात शहाणं जनावर होतं. कोल्ह्याहून बरंच लहान, मांजरापेक्षा थोडं थोराड, राखी अंग, काटकुळे पाय, मोठे कान आणि झुपकेदार शेपूट. शेपटीचं टोक तेवढं काळं. वाडीच्या उगवतीला बोडखा माळ पसरला होता. कुसळी गवत, चार-दोन हिवराची झाडं, बोरीच्या जाळ्या, बाकी मुरूम. त्या माळाला लागून भिमाजीची आठ एकर कोरडवाहू जमीन. तिथं शाळू राखायला मचाणावर बसलेला असताना, ऐन उमेदीत, त्यानं पहिल्यांदा खोकडाची मादी शिकार करताना पाहिली. दिवस नुकता मावळला होता. मादी शाळूच्या ताटांच्या कडेला उभी राहिली, मान तिरकी करून ऐकलं, आणि टुणकन उडी मारून तोंड जमिनीत खुपसलं. वर आली तेव्हा जबड्यात उंदीर. तो पुरा गिळायच्या आत तिनं दुसरा धरला. त्या सुगीत बांधापलीकडच्या रानात उंदरांनी कणसांचा फडशा पाडला आणि भिमाजीच्या रानात मात्र खळं भरलं. एवढा इमानी गडी फुकटात राबतोय म्हटल्यावर भिमाजी खोकडांच्या प्रेमातच पडला.

तेव्हापासून त्यानं त्यांची पाठ सोडली नाही. खोकड बीळ करतं ते उंचवट्यावर, आणि एका बिळाला सात-आठ तोंडं ठेवतं, म्हणजे एका तोंडाशी कुत्रं आलं तर दुसरीकडून पळता येतं. थंडीत जोडी जमते, माघ-फाल्गुनात पिल्लं होतात, नर बाहेरून आणून खाऊ घालतो. उंदीर मिळाला तर उंदीर, नाही तर नाकतोडे, वाळवी, बोरं. कोंबडीच्या वाटेला ते क्वचितच जातं. पण गावात कोंबडी गेली की आळ खोकडावर, हे ठरलेलं होतं. कोंबडी नेणारा बहुतेक वेळा दोन पायांचा असतो हे भिमाजीला ठाऊक होतं, आणि माणसांवरचा त्याचा राग त्यामुळे आणखी पक्का झाला.

तरी एकदा बिळाची जागा त्याच्या तोंडून निघून गेली होती. चुलतभाऊ गहिनीनाथ घरी आला होता. त्या दिवशी का कोण जाणे, भिमाजीचा जीव मोकळा झाला होता. बोरीच्या जाळीमागच्या बिळात चार पिल्लं कशी खेळतात, एकमेकांच्या शेपट्या कशा ओढतात, हे तो हात हलवून हलवून सांगत बसला. लंकाबाई, त्याची बायको, चुलीपाशी बसून नवल करत होती की हा माणूस इतकं बोलू शकतो. गहिनीनाथानं सगळं कान देऊन ऐकलं. चौथ्या दिवशी तो तीन गडी, पाच कुत्री आणि एक पोतं घेऊन माळावर गेला. बिळाची तोंडं धोंड्यांनी बुजवून एकाच तोंडातून धूर कोंडला. नर, मादी आणि चारही पिल्लं. कातडी कुणीतरी तालुक्याला नेऊन विकली म्हणे.

भिमाजीनं गहिनीनाथाशी भांडण केलं नाही. त्यानं फक्त तोंडाला कुलूप लावलं. बीळ कुठं आहे, किती आहेत, कोण व्यालंय, हे त्यानं पुढं कुणालाच सांगितलं नाही. लंकाबाईलासुद्धा नाही. तिनं विचारलंच तर म्हणायचा, “तुला काय करायचं हाय?” सहा वर्षं तिनं हे उत्तर ऐकलं आणि मग विचारायचं सोडून दिलं. बायको आहे, ती काही पोतं घेऊन जाणार नव्हती, पण भिमाजीच्या हिशेबी माणूस तो माणूस.

मग दुष्काळ पडला. एकाहत्तर साल कसंबसं गेलं, बाहत्तर सालानं सगळ्यांना गुडघ्यावर आणलं. पेरलेलं उगवलं नाही, विहिरींचे तळ दिसले, बायका हंडे घेऊन दोन-दोन कोस जाऊ लागल्या. सरकारनं बोडख्या माळाच्या उताराला पाझर तलावाचं काम काढलं आणि सगळी वाडी हातात टिकाव-पाट्या घेऊन तिथं लोटली. लंकाबाई बायकांच्या टोळीत मुरूम वाहत होती. भिमाजीला वेगळं काम मिळालं. ओव्हरसियर साहेब खणायची जागा ठरवायचे, भिमाजी दोरी धरायचा आणि दोरीच्या कडेनं चुन्याची फक्की टाकायचा. चौकोन आखला की टोळी त्यात उतरायची. आखणीबाहेर एक पाटी जरी खणली तरी ती मापात धरत नसत, त्यामुळे पांढरी रेघ हा तिथला कायदा होता. फार बोलावं लागत नाही म्हणून भिमाजीला ते काम आवडायचं.

दुष्काळानं खोकडांनाही सोडलं नव्हतं. उंदीर संपले, नाकतोडे संपले, गवतच नाही तर त्यात राहणार कोण? पूर्वी माळावर सात बिळं नांदती होती. त्र्याहत्तरच्या फाल्गुनात भिमाजीनं सगळा माळ पालथा घातला तेव्हा सहा बिळांच्या तोंडावर कोळ्यांनी जाळी विणली होती. एका बिळापाशी मात्र ताजी माती होती, आणि दिवस कलताना तिथून तीन पिल्लं बाहेर आली. मादीच्या बरगड्या मोजता येत होत्या. नर दिसलाच नाही. भिमाजी दूर धोंड्याआड पालथा पडून बघत राहिला. साठीकडं झुकलेला तो गडी तिथं डोळे पुसत होता, आणि बघायला कुणी नव्हतं म्हणूनच पुसत होता.

काम रोज माळ चढत वर येत होतं. पाडव्याच्या आसपास टोळ्या त्या उंचवट्यापासून हाकेच्या अंतरावर आल्या. साहेबांना सांगावं तर साहेब हसतील. मुकादम गोरक्षनाथाला सांगावं तर तो टोळीला सांगणार, टोळी गावाला, आणि गावात गहिनीनाथ बसलेलाच आहे. भिमाजी दोन दिवस जेवला नाही. मग त्याला खळं आठवलं.

खळ्यावर ज्वारीची रास पडली की तिच्याभोवती राखेचं रिंगण ओढायचं, ही त्या भागातली जुनी रीत. त्या रिंगणात कुणी पायताण घालून जात नाही, मोठ्यानं बोलत नाही, मालकाला विचारल्याशिवाय दाण्याला हात लावत नाही. भिमाजीनं लहानपणापासून पाहिलं होतं, उनाडातला उनाड माणूसही त्या रेघेशी आला की पाय आवरतो. माणसाच्या जिभेवर त्याचा भरवसा नव्हता, पण रेघेवर होता. राख वाऱ्यानं उडाली असती, म्हणून त्यानं कामावरच्या पोत्यातला चुना घमेलंभर काढून ठेवला. संध्याकाळी टोळ्या घरी गेल्यावर त्यानं बिळाच्या सगळ्या तोंडांना पोटात घेऊन एक मोठं, देखणं रिंगण ओढलं. चुना सरकारी होता, न विचारता घेतला होता, म्हणून हेही कुणाला सांगायची सोय नव्हती. गेल्या दोन वर्षांत वाडीत एकाही खळ्यावर रास पडली नव्हती, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच छावणीतून निरोप आला. त्याचे बैल आठ कोसांवरच्या गुरांच्या छावणीत होते, त्यातला एक बसला होता आणि उठत नव्हता. भिमाजी तसाच निघाला. रिंगण ओढलेलंच आहे, आता काळजी नाही, असं स्वतःला बजावत गेला.

त्या सकाळी बायकांच्या टोळीचा आधीचा चौकोन खणून संपला. साहेब दोन दिवस तालुक्याला बैठकीला गेले होते. गोरक्षनाथ पुढची आखणी शोधत माळ चढला आणि त्या पांढऱ्या रिंगणापाशी थबकला. मग त्यानं तिथूनच ओरडून सगळ्यांना बोलावलं.

“आगं या गं समद्याजनी! सायबानी हिर आखलीया!”

त्याचं काय चुकलं? चौकोन म्हणजे मुरूम आणि गोल म्हणजे विहीर, हे त्या कामावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. वाडीला पिण्याच्या पाण्याची विहीर मंजूर करून आणतो असं साहेब महिनाभर म्हणत होते. बायका डोक्यावरच्या पाट्या टाकून धावत आल्या. कुणी हसत होती, कुणी रडत होती. टोळीतली सगळ्यात वडीलधारी कडूबाई म्हणाली, विहिरीला हात घालायचा तर आधी पूजा झाली पाहिजे. नारळ कुठला आणणार? कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीतला गुळाचा खडा कुणाच्या तरी पदराला होता, तो ठेवला. हळद-कुंकू वाहायचा मान लंकाबाईला दिला, कारण तिच्या नवऱ्यानंच ही रेघ टाकली असणार, असं गोरक्षनाथ म्हणाला. लंकाबाई आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या कामानं मिरवली.

बिळाची तोंडं काही कुणाच्या नजरेतून सुटली नव्हती. कडूबाईनं वाकून पाहिलंही.

“लंके, खोकडाचं बीळ दिसतंय गं. व्यालंबिलं न्हाई ना कोन? तुझ्या दादल्याला ठावं आसंल की.”

“त्यो काय सांगतोय मला, आत्याबाई?” लंकाबाई म्हणाली. “रिकामंच आसंल. आसतं तर त्यो हितं रेघ वडू देईल व्हय?”

हे सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं.

जमीन भुसभुशीत होती, टिकाव लोण्यात शिरावा तसा शिरत होता. थोड्याच वेळात खालून पोकळ आवाज आला आणि बायका आणखी हरखल्या, पाण्याचा झरा जवळ आहे म्हणून. पुढच्या घावासरशी बिळाचं छत खचलं. रिंगणाच्या कडेच्या एका तोंडातून मादी निसटली आणि कामावर घुटमळणाऱ्या कुत्र्यांना हूल देऊन उताराला पळाली. दोन पिल्लं मातीखाली जागीच गेली. तिसरं धुगधुगत होतं. कडूबाईनं ते पदरात घेतलं, सावलीला नेलं, आणि स्वतःच्या प्यायच्या पाण्यात बोट बुडवून त्याच्या तोंडात थेंब-थेंब सोडत बसली. पाणी माणसाला पुरत नव्हतं त्या दिवसांत ही बाई खोकडाच्या पिल्लाला पाणी पाजत होती, आणि टोळीतली एकही बाई तिला काही म्हणाली नाही. संध्याकाळपर्यंत ते मेलं. तिघांना तिथंच पुरलं आणि दुसऱ्या दिवशी विहीर पुढं खणायला घेतली, कारण विहीर तर सोडता येत नव्हती.

तिसऱ्या दिवशी ओव्हरसियर साहेब आले आणि खड्डा बघून त्यांचं डोकंच फिरलं.

“ही विहीर कुणी आखली? कुठल्या नकाशात आहे? दोन दिवसांचं काम मापात धरणार नाही मी. मुकादम, तुमचं नाव आजच कमी करतो.”

गोरक्षनाथ पांढराफटक पडला. “सायेब, आखनी हुती. देवाशप्पत, चुन्याची आखनी हुती. ह्या समद्या बायास्नी इचारा.”

भिमाजी नेमका त्याच वेळी माळ चढून वर आला. बैल उठून उभा राहिला होता, वैरणीला तोंड लावत होता. त्या आनंदात तो किती वर्षांनी कोण जाणे, स्वतःशी गुणगुणत आला. उंचवट्यावर गर्दी दिसली. गर्दीच्या पलीकडे खड्डा दिसला. खड्ड्याच्या काठावर चुन्याचा एक तुकडा अजून तसाच होता.

तो काठावर बसला. कुणी काही सांगायची गरज नव्हती. साहेब ओरडत होते, गोरक्षनाथ हात जोडत होता, बायका दोन दिवसांची मजुरी गेली म्हणून कालवा करत होत्या. हे सगळं त्याला दुसऱ्या गावात चाललंय असं ऐकू येत होतं. गप्प बसायचं म्हटलं असतं तर बसू शकला असता. कुणाला त्याचा संशय नव्हता. पण गोरक्षनाथाचा चेहरा त्याला बघवेना.

“सायेब, मुकादमाकडं काय चूक न्हाई. रिंगान म्या वडलं.”

“तुम्ही? कशाला?”

“खोकडाची पिल्लं हुती आत. राशीला वडत्यात तसं वडलं. कुनी आत येऊ नये म्हनून.”

साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांना खळ्याचं रिंगण ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांना हसू आलं, मग आपण साहेब आहोत हे आठवून ते गंभीर झाले. गोरक्षनाथाचं नाव राहिलं, भिमाजीचं गेलं. सरकारी चुना चोरल्याबद्दल हजेरीपटावरून त्याला काढून टाकलं. बायकांचे दोन दिवस बुडाले ते बुडालेच.

टोळी भिमाजीभोवती उभी होती. त्याला वाटलं, आता शिव्या पडतील. शिव्या पडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण कडूबाई पुढं आली, तिचा आवाज चढलासुद्धा नाही.

“भिमा, दोन कोस चालून आनलेलं पानी पाजलं रं म्या त्याला. माज्या मांडीवर गेलं त्ये. येक डाव सांगितलं आसतंस, भिमा, की हितं पिल्लं हायती. आमी दुसरीकडं खांदलं आसतं. बाया हाय आमी. आमाला काय लेकरं न्हाईत?”

भिमाजीनं तोंड उघडलं. गहिनीनाथाचं नाव ओठावर आलं होतं. पण गहिनीनाथ त्या टोळीत नव्हता, त्या टोळीत सगळ्या बायका होत्या, हे त्याला तेव्हा दिसलं. त्यानं लंकाबाईकडे पाहिलं. ती खड्ड्याकडे बघत होती. आपण कुठल्या रिंगणावर हळद-कुंकू वाहिलं हे तिला आत्ता कळलं होतं, आणि ती नवऱ्याकडे बघायला तयार नव्हती.

उन्हाळाभर घर लंकाबाईच्या मजुरीवर चाललं. भिमाजी रिकामा होता. त्यानं एकट्यानं तो खड्डा मातीनं बुजवला, त्याला आठ दिवस लागले. टोळी शेजारून जायची, यायची. कुणी त्याच्याशी बोललं नाही. आयुष्यभर त्याला हेच हवं होतं, आणि आता मिळालं तेव्हा ते सोसवेना.

त्र्याहत्तरला पाऊस भरपूर झाला. माळ पुन्हा हिरवा झाला, शाळू कमरेपार गेला, आणि उंदीर तर असे माजले की दिवसाढवळ्या बांधावरून पळायचे. चावडीवर एक सरकारी माणूस येऊन सांगून गेला की रानातल्या जनावरांसाठी आता कायदा झालाय, शिकार करणाऱ्याला शिक्षा होईल. गहिनीनाथ पुढं बसून मान डोलवत होता. मागं उभ्या असलेल्या भिमाजीला एवढंच विचारायचं होतं की राखणाऱ्यानंच मारलं तर काय शिक्षा आहे, पण त्यानं विचारलं नाही.

त्या थंडीत तो रोज दिवस कलला की माळावर जायचा. सातही जुन्या जागा बघायचा. ताजी माती नाही, लेंडी नाही, पावलाचा ठसा नाही. बायका पाणवठ्यावरून त्याला जाताना बघायच्या, अंधार पडताना रिकाम्या चेहऱ्यानं परतताना बघायच्या, आणि हंडे उचलून घरी जायच्या.

चौऱ्याहत्तरच्या फाल्गुनात एकदा परतताना त्यानं वाट बदलली आणि कडूबाईच्या रानाच्या कडेनं आला. बांधाच्या एका उंचवट्यावर बाभळीच्या काट्या नीट रचून ठेवल्या होत्या, कुत्र्याला शिरता येऊ नये अशा, आणि एका अंगाला लहानशी फट सोडली होती. त्या फटीच्या तोंडाशी खोकडाची दोन पिल्लं एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. मादी थोड्या अंतरावर बसली होती, अंगानं भरलेली. काट्या एका हाताच्या नव्हत्या. जुन्या, नव्या, वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या कुणी आणून टाकल्या होत्या. भिमाजी पुढं गेला नाही. अंधारून येईपर्यंत लांब उभा राहिला आणि घरी आला.

लंकाबाई भाकरी थापत होती.

“कडूबाईच्या बांधाला खोकड व्यालंय,” तो म्हणाला.

“व्हय.”

“तुला ठावं हुतं?”

“माघापासनं ठावं हाय. समद्या बायास्नी ठावं हाय. पोरास्नीबी. कुत्री बांधून घालत्यात लोकं.”

भिमाजी उंबऱ्यावर बसला. “माघापासनं रोज माळ धुंडतोय मी. येका सबुदानं सांगितलं का न्हाईस?”

लंकाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. सांगू की नको असं क्षणभर तिच्या तोंडावर आलं, मग तिनं सांगून टाकलं.

“आत्याबाईनी समद्याजनींकडनं कबूल करून घेतलंय. गावात कुनालाबी सांगा, म्हनल्या, पर भिमाजीला सांगू नगा. त्यो राखाया गेला की मरत्यात.”

तिनं भाकरी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि पुढची थापायला घेतली.